गिरणी थांबवून सांगितलेला इतिहास

यवतला स्टँडमागं पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका गृहस्थांना जगाचा इतिहास सांगायचा असला, की ते गिरणी बंद करतात. आमचं दळण अर्धवट राहतं, पण त्यांचा आवाज पोचतो.

परवा मोबाइल नाचवत ते म्हणाले, "मुसलमान आन् यहुदी पहिल्या दिवसापासनं वैरी. हितं समदं लिवलंय."

ज्वारी घेऊन आलेल्या बागवान मावशी म्हणाल्या, "न्हाई भाऊ. पैगंबरसाहेब मदिनेत आले तवा यहुद्यांशी करार झाला. ज्यानं त्यानं आपला धर्म पाळायचा, संकटात एकमेकांना राखायचं. सुरुवातीला नमाजबी जेरुसलेमकडं तोंड करून पढायचे."

गिरणीवाल्यांचा एक गुण मला आवडतो. चूक पटली की ते ती धरून बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी गिरणी पुन्हा बंद झाली.

"दोघं सख्खे भाऊ! कवाच भांडले न्हाईत!"

"तसंबी न्हाई," राहिलेलं दळण न्यायला आलेल्या मावशी म्हणाल्या. "पुढं बिनसलं, लढाया झाल्या, माणसं मेली."

"मग लोकांना सांगू तरी काय?"

"दोन्ही सांगा की."

ते वैतागले. "मावशी, येवढं ऐकायला कुणाला टाइम हाय?" म्हणत त्यांनी गिरणीचं बटण दाबलं.

रांगेतले आम्ही सातजण डबे खाली ठेवून पुढचं ऐकायला थांबलो होतो.