उस्तादांचं माप

नोकरी सुटल्यावर, पन्नाशीत, मी घमापुरातल्या एका उस्तादांकडे लेथवर लोखंड कातायला शिकून राहिलो आहे. घरी सगळे हसतात. मशीनही हसत असावं. उस्ताद मशीनला ‘बाई’ म्हणतात आणि मला ‘बाबूजी’. तिच्याशी ते जास्त प्रेमानं बोलतात.

मायक्रोमीटरवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ मी सुरुवातीला हमखास विसरायचो, म्हणून माझं प्रत्येक माप ते स्वतः पुन्हा बघायचे. परवा पिठाच्या गिरणीच्या शाफ्टवर बेअरिंग बसवण्यासाठी शेवटचा कट उरला होता. जरा जास्त गेला, तर शाफ्ट भंगारात. मी माप सांगितलं आणि सवयीनं मायक्रोमीटर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उजेडाकडे नेला, डोळ्यांजवळ आणला, लांब धरला आणि मला परत दिला.

“तुम्हीच बघा, बाबूजी. मला ती रेघ महिनाभरापासून दिसून नाही राहिली.”

म्हणजे महिनाभर माझी मापं त्यांनी नुसती मान हलवून पास केली होती! घाम पुसत मी तीनदा वाचलं.

“काहून घाबरता? बोला.”

मी आकडा बोललो. त्यांनी काही न विचारता कट घेतला. बेअरिंग शाफ्टवर नीट बसलं.

“चलो,” हात पुसत ते म्हणाले, “उद्या लवकर या. तुमच्या भरवशावर मोठं काम घेतलं आहे.”