मावशीच्या केकवरचा दिवा

अख्ख्या नागपुरात वाढदिवसाच्या केकसमोर माणसांना माझ्या मावशीइतकं ताटकळत कोणी बसवून ठेवलं नसेल. केक ती घरीच करते, वर्षानुवर्षं करते आहे, आणि ती राहते त्या बेशापासून गांधीबागेपर्यंत तिच्या केकचं नाव आहे. पण त्या केकवर मेणबत्ती कधी लागत नाही. फुंकर मारून ज्योत विझवायची आणि वर टाळ्या वाजवायच्या, हा प्रकार तिला जन्मात पटलेला नाही. "दिवा विझवून राहिले, अन् वरून शंभर वर्षं आयुष्य मागून राहिले," असं ती म्हणते. म्हणून केकच्या मधोमध ती थोडी सपाट जागा मोकळी सोडते, तिथे स्टीलच्या डबीचं झाकण, झाकणावर कणकेचा दिवा, दिव्यात तूप आणि फुलवात. दिवा लावायचा, औक्षण करायचं आणि मग तो आपला आपण शांत होईपर्यंत सुरीला हात लावायचा नाही. तूप किती घालायचं ते मावशी ठरवते. ज्याच्यावर तिचा जीव जास्त, त्याच्या दिव्यात तूप जास्त. त्यामुळे तिच्या लाडक्या माणसांच्या घरी केक कापेपर्यंत जेवणाची वेळ होते, आणि ज्या शेजाऱ्यांशी तिचं फारसं पटत नाही, ते चहाच्या आधीच केक खाऊन मोकळे होतात.

मावसाजींना भूक धरवत नाही. एका वाढदिवसाला त्यांनी गरम होतंय म्हणून टेबलफॅनचं तोंड हळूच केककडे वळवलं. दिवा गेला. मावशीने पंखा बंद केला, दिव्यात नव्याने काठोकाठ तूप घातलं आणि त्यांच्याकडे बघत वात लावली. त्यानंतर मावसाजी अशा समारंभांना घरून पोहे खाऊन निघतात. दुसऱ्या एका घरी साखरपुडा होता. नवऱ्या मुलाच्या काकांना या दिव्याची गोष्ट माहीत नव्हती, त्यांनी मोठ्या हौसेने फुंकर मारली. मावशीने केक उचलला आणि जिना उतरायला लागली. मुलीची आई मागे धावली. "विझवलेल्या दिव्याचा केक मी साखरपुड्याले देत नाही," मावशी म्हणाली, "कणीक कुठे आहे तुमची, ते सांगा." मग परक्या स्वयंपाकघरात पदर खोचून तिने नवा दिवा मळला, नवी वात वळली, आणि सगळं वऱ्हाड पुन्हा पहिल्यापासून बसलं. ते काका अजूनही मावशी रस्त्यात दिसली की दोन्ही हात जोडतात.

केकवरच्या नक्षीचंही तिचं वेगळंच असतं. मोबाइलवर फोटो दाखवून "अस्साच करा" म्हणणाऱ्याला ती दारातूनच वाटेला लावते. नक्षी बघायला ती गांधीबागेत जाते. ठोक कापडाच्या दुकानात गादीवर बसायचं, साड्यांचे गठ्ठे सोडवायला लावायचे, एकेका काठावरून बोट फिरवत डोळे मिटायचे आणि काही न घेता उठायचं. दुसऱ्या दिवशी तोच काठ कुणाच्या तरी केकभोवती क्रीमने उमटलेला असतो, कोयरी न् कोयरी जागच्या जागी. दुकानदार आता तिला ओळखतो. तिला बघताच पाण्याचा गिलास पुढे करतो आणि विचारतो, "मौसी, आज किसका बड्डे है?"

आणि ती रेती. मावशी केक भाजते तो जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, एका जाड गंजात, पातेल्यात म्हणा, तळाशी रेतीचा थर घालून, मंद गॅसवर. लग्न होऊन ती नागपुरात आली तेव्हा शेजारणीकडे असा केक बघून आली आणि माहेरी पारशिवनीला आल्यावर आजोबांना म्हणाली की मलाही करायचा आहे. आजोबांना केक म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण रेती लागते एवढं कळलं. पुढच्या खेपेला पारशिवनीहून एसटीने ते आले ते खांद्यावर रेतीची पिशवी घेऊन. नदीची रेती, स्वतः धुतलेली, अंगणात वाळवलेली, चाळलेली. शहरातल्या रेतीचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं होतं. तीच रेती मावशीने वर्षानुवर्षं वापरली. भाजून भाजून ती काळी कुळकुळीत झाली होती. मी पहिल्या पगारातून मावशीला ओव्हन घेऊन दिला, तर तिने त्यात पापडांचे डबे ठेवले. "त्याच्यात लाईट लागते, घंटी वाजते," ती म्हणाली. "केक का शाळेत जाऊन राहिला?"

माझी आई ही तिची सख्खी मोठी बहीण. एका दिवाळीला आई फराळाची मदत करायला मावशीकडे बेशाला गेली. आईला स्वच्छतेचं वेड. तिने फडताळ आवरायला घेतलं, एका गंजक्या डब्यात जळकी काळी रेती दिसली, आणि तिने ती मावशीच्या तुळशीच्या नव्या कुंडीत मातीत मिसळून टाकली. वर कौतुकाने सांगितलंही, "तुह्या कुंडीत पाणी साचत होतं, रेती टाकली बरं." मावशीच्या हातातला झारा तसाच राहिला. "बाबाची रेती होती वं ते," ती म्हणाली. आईला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटलं की आई भांडते. "बाबाची, बाबाची! बाबाने तुलेच देलं सगळं. मले काय देलं?" शब्दाला शब्द वाढला. चकल्या करपल्या. आई संध्याकाळच्या आधीच घरी परतली आणि दोघींचं बोलणं बंद झालं.

पुढे दीडेक वर्ष असंच गेलं. मावशी हट्टाने ओव्हनमध्ये केक करू लागली. केक छान व्हायचे, पण तिला ते कबूल नव्हतं. आमच्याकडे काही असलं की केक यायचा, वरती मावसाजी घेऊन यायचे, दिवा वेगळ्या पुडीत. मावशी खाली स्कूटरजवळ उभी. आई गॅलरीत जायची नाही, पण मावसाजींचं पाऊल वळलं की मला विचारायची, "कोणती साडी नेसून होती रे?" दोघींची वयं झाली होती. एकीचा रक्तदाब, दुसरीची साखर. या दोघी अशाच न बोलता राहतील, आणि मग एके दिवशी बोलायला दोघींपैकी एकच उरेल, ही भीती मला कामावरसुद्धा सोडायची नाही.

माझ्या मुलीचा वाढदिवस मे महिन्यात येतो. नागपूरचा मे, म्हणजे केकचा वैरीच. त्या वर्षी मावसाजींचा पाय मुरगळला होता, म्हणून मीच बेशाला गेलो आणि मावशीला केकसकट गाडीत बसवून आणलं. आमच्या दारात उतरल्यावर तिला परत खाली ठेवणं कुणाला जमणार होतं? ती वर आली. आईने पाण्याचा गिलास तिच्यापुढे ठेवला, पण तिच्याकडे न बघता. मावशीने दिवा मांडला. मुलगी तिची फार लाडकी, म्हणून तूप अगदी काठाशी आलं. औक्षण झालं, सगळे बसले, आणि लाईट गेली.

कूलर थांबला. दोघी बहिणी केकच्या दोन बाजूंना, मध्ये दिवा. घामाच्या धारा लागल्या, आणि केकच्या कडेची पैठणीची वेल हळूहळू खाली सरकू लागली. तिच्यातला एक मोर आधी वाकडा झाला आणि मग ताटात आला. आईला ते बघवेना.

"क्रीम वितळून राहिली वं," ती म्हणाली.

"वितळू दे," मावशी म्हणाली.

आईने ताटात पडलेला मोर चमच्याने कडेला सारला. मग आई म्हणाली, "कुंडी आहे नं तुह्याकडे? मी येते उद्या. माती वाळवून चाळून देते तुले रेती."

मावशी हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आईच्याही आलं, आणि माझ्या बायकोने दोघींना एकच पदर दिला, कारण तिच्याजवळ तेवढाच होता. त्या दिवशी आम्ही केक वाटीत घालून चमच्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी आई खरोखरच गेली. बेशाच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून दोघी म्हाताऱ्या तुळशीची माती चाळत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. जेमतेम वाटीभर रेती निघाली. "बाबाचा खांदा दुखला असन नं," आई म्हणत होती, "एसटीत बसायले जागा तरी भेटली का नाही त्याले." ती वाटीभर रेती मावशी आता दुकानच्या रेतीत मिसळून वापरते.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. यंदाच्या मे महिन्यात मावशी केक घेऊन आली. दिवा मांडला आणि त्यात अर्धा चमचा तूप घातलं, आमच्या घरी पहिल्यांदाच इतकं कमी. "पोरांले भूक लागली असन," ती म्हणाली. तिच्यासमोरची आईची खुर्ची तिने एकदाही वर मान करून पाहिली नाही. बघता बघता ज्योत बारीक झाली, पोरं पुढे सरसावली, मावशीने सुरी उचलली. मी स्वयंपाकघरात गेलो, तुपाचा डबा घेऊन आलो आणि दिव्यात तूप घातलं, काठापर्यंत.

"काहून गा?" मावशी म्हणाली. "केक वितळून राहिला नं."

"वितळू दे, मावशी," मी म्हणालो, आणि आईच्या खुर्चीवर बसलो.

तिने सुरी खाली ठेवली. पदर सावरला. मग माझ्या मुलीला जवळ ओढून म्हणाली, "आमच्या बाबाने पारशिवनीहून रेती आणली होती, एसटीने. तुह्या आजीनं ते कुंडीत टाकली. बस, सांगते तुले."