नळी कुणाच्या ताटात

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला गोल सोडून सगळं करता येतं. बचावफळी चिवट आहे, गोलकीपर जिवावर उदार होऊन उड्या मारतो, मधली पोरं दमत नाहीत. पण बॉल एकदा समोरच्या गोलपोस्टजवळ पोचला की आघाडीच्या फळीला काय होतं देव जाणे. लग्नात आहेर घेऊन आलेला माणूस मांडवात भांबावून उभा असतो ना, तशी ती पोरं बॉल कुणाच्या स्वाधीन करावा ते शोधत राहतात. तोवर समोरचा येतो आणि घेऊन जातो.

त्या कॉलेजात मी दोन वर्षं गेलो. पास झालो नाही, वडिलांच्या पिठाच्या गिरणीत येऊन बसलो, पण टीम काही सुटली नाही. गिरणीसमोर कट्टा आहे. संध्याकाळी तिथं आम्ही सातआठ जण असतो. त्यात एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर, ज्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो, आणि एक बेकरीवाला, ज्याला तोंड चालू असल्याशिवाय मॅच दिसत नाही. आमच्यातल्या कुणीही आयुष्यात धड फुटबॉल खेळलेला नाही. त्यामुळं सगळ्यांना सगळं कळतं.

सीझन संपल्यावर एका रविवारी आमचं रस्सा मंडळ असतं. कळंब्याजवळ बेकरीवाल्याच्या मेहुण्याचं रान आहे. तिथं दगडांची चूल मांडायची, मोठं पातेलं चढवायचं आणि टीमच्या पोरांना जेवायला बोलवायचं. मटण शिजेपर्यंत पुढच्या सीझनला कोण कुठं खेळणार हे आम्ही ठरवतो. कोचही असतात. ते सगळ्याला मान हलवतात आणि नंतर आपल्या मनासारखं करतात.

वाढायचं काम माझ्याकडं. गिरणीवाल्याचा हात मापाचा, असं सगळ्यांचं म्हणणं. आणि वाढताना आमची एक रीत आहे. पातेल्यातली सगळ्यात मोठी नळी, म्हणजे मटणातलं मगजाचं हाड, पहिल्या पळीला ज्याच्या ताटात पडेल, त्याच्याकडून पुढच्या सीझनला आम्हाला गोल पाहिजेत. ही रीत कुणी बसून ठरवली नाही. पूर्वी एकदा एका फॉरवर्डच्या ताटात सहज नळी गेली आणि पुढचा सगळा सीझन त्यानं समोरच्यांना रडवलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी नळी कुणाला द्यायची यावरून रस्सा थंड होईपर्यंत भांडण झालं. तेव्हापासून चालू आहे. भाषण नाही, हार नाही. नळी पडली की पोरगं एकदा वर बघतं, बाकीचे ताटं वाजवतात आणि जेवायला लागतात.

गेल्या खेपेला ती मी आमच्याच गल्लीतल्या एका पोराला वाढली होती. लांब पायांचं, अंगानं किडकिडीत, बी.कॉम.ला असलेलं पोरगं. नऊ नंबरची जर्सी घालतो म्हणून सगळे त्याला नऊ नंबरच म्हणतात. त्याची आई एसटीत कंडक्टर आहे, पन्हाळ्याच्या गाडीवर.

नऊ नंबर सीझनभर धावला. धावण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. गोल मात्र एकच झाला, तोही बॉल त्याच्या पाठीला लागून आत गेला तेव्हा. शेवटच्या मॅचला तर कहर झाला. गोलकीपर आडवा पडलेला, समोर मोकळं गोलपोस्ट, आणि ह्यानं बॉल असा उचलला की तो थेट प्रेक्षकांत येऊन बेकरीवाल्याच्या भेळेत पडला. आम्ही हरलो. मग काय, जिभेला हाड नसलेल्या माणसांनी जे करायचं ते आम्ही केलं. मीही शिव्या दिल्या. गप्प बसायला मी काय देवळात गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी तो बेकरीवर पाव न्यायला आला तेव्हा कट्ट्यावरून पुन्हा दिल्या. त्यानंही तिथूनच उलट उत्तरं दिली आणि पाव घेऊन गेला.

त्याच आठवड्यात त्याची आई ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत आली. गाडीत ही बाई "आत सरका" म्हणाली की उभी माणसं आपोआप सीटांवर जाऊन पडतात. त्या दिवशी मात्र चक्की थांबेपर्यंत उभी राहिली आणि हळू बोलली.

"दादा, पोराला लई बोलालायसा सगळी."

"फुटबॉलातलं बोलणं अक्का. ते कोण मनावर घेतंय?"

"तो घेतोय की. नीट जेवत न्हाय. कॉलेजचं शेवटचं वर्ष ऱ्हायलंय त्याचं. असंच चाललं तर पुढच्या सीझनला खेळायचा न्हाय तो. जरा तोंड आवरा."

मला खरंच वाईट वाटलं. आपल्या पोराला चार माणसं भर रस्त्यात बोलतात हे आईनं किती दिवस ऐकायचं? मी संध्याकाळी कट्ट्यावर विषय काढला. मास्तर आधी उसळले, "म्हणजे आता आरती ओवाळायची काय त्याची?" पण त्यांचाही जीव त्या पोरावर आहे, ते लगेच निवळले. बेकरीवाला म्हणाला, "भेळ माझी गेली, तरी मी गप्प बसतो." असं ठरलं की नऊ नंबरसमोर त्या मॅचबद्दल, गोलाबद्दल, कशाबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. दिसला तर गोड बोलायचं.

आम्हाला गोड बोलायची सवय नाही, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरगं समोरून गेलं की कट्टा एकदम गप्प व्हायचा. मग कुणीतरी विचारायचं, "काय, बरं हाय न्हवं?" आजारी माणसाला विचारतात त्या आवाजात. तो "व्हय" म्हणून खाली मान घालून जायचा. थोड्या दिवसांनी तो समोरच्या बोळातून जायला लागला. मग कळलं की प्रॅक्टिसलाही जात नाही, बूट माळ्यावर टाकलेत. आम्हाला वाटलं, अजून जखम ओली आहे. म्हणून आम्ही आणखी जपून वागायला लागलो.

इकडं आघाडीच्या फळीचा प्रश्न होताच. पुढच्या सीझनला गोल कोण करणार? मास्तरांचं म्हणणं, दोन फॉरवर्ड पाहिजेत, एकट्याच्या जिवावर नाही चालत. बेकरीवाल्याचं म्हणणं, डावीकडून कुणी खेळतच नाही, आपली टीम एका बाजूला कलंडून चालते. माझं म्हणणं साधं, बॉल मिळाला की मारा, विचार घरी करा. तेवढ्यात गडमुडशिंगीचं एक पोरगं पहिल्या वर्षाला आलं. अंगानं ठेंगणं, पण पायात वारं. प्रॅक्टिस बघून आलेल्यांनी त्याचं असं वर्णन केलं की आम्ही मनातल्या मनात कप आणून कपाटात ठेवला.

रस्सा मंडळाच्या आदल्या दिवशी नऊ नंबरची आई पुन्हा गिरणीत आली. "उद्या पाठवीन त्याला कसा तरी. पण दादा, नळी त्याच्या ताटात घालू नका. गेल्या वर्षी घातली ती वर्षभर त्याच्या छातीवरच बसली होती."

मी तर तसंही मुडशिंगीच्या पोराला द्यायची ठरवली होती. "काळजी करू नका अक्का," मी म्हणालो.

रविवारी सगळे बसल्यावर आईनं त्याला स्कूटीवरून आणून सोडलं. आम्ही असे उठलो की जणू जावई आला. कुणी सतरंजी झटकली, कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला. मास्तरांनी, ज्यांनी त्याला चड्डीत असल्यापासून अरेतुरे केलं, विचारलं, "मग, अभ्यास कसा काय चाललाय तुमचा?" बेकरीवाल्यानं त्याच्यासाठी लिंबू कापून आणलं. पंगतीच्या टोकाला तो बसला.

मी पहिली पळी मुडशिंगीच्या पोराला वाढली. नळी ताटात पडली, त्यानं वर बघितलं, ताटं वाजली. आणि लगेच सगळे त्याच्यावर तुटून पडले. "डोकं वर करून खेळायचं." "पास देत बसलास तर हितनं उठवीन." मास्तर सगळ्यांत जोरात ओरडले, "आणि बॉल गवतावरनं मारायचा, आभाळात न्हाय." म्हणाले आणि त्यांनीच जीभ चावली. सगळ्यांनी नऊ नंबरकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

मी त्याच्यापाशी पोचलो आणि जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं, "पांढरा रस्सा देऊ? तिखट नको उगाच."

त्यानं ताट बाजूला सारलं आणि उठून विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्याकडं गेला. हात धुण्यासारखं त्यानं काही खाल्लंच नव्हतं. पळी बेकरीवाल्याच्या हातात देऊन मी मागं गेलो.

तो पाण्याखाली हात धरून नुसता उभा होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मामा, मी काय मेलोय काय?"

"असं का बोलतोस?"

"मॅचच्या दिवशी तुम्ही मला कसल्या शिव्या दिल्यासा. दुसऱ्या दिवशी पण दिल्यासा. मी घरी जाऊन रडलो, ते सोडा. पण मग एकदम सगळी गप्प. आज मास्तर मला तुम्ही म्हणालेत. त्या मुडशिंगीच्या पोरानं अजून एक मॅच खेळली न्हाय, त्याला सगळी बोलायलेत. आता माझ्याकडनं तुम्हांस्नी कायच नको, व्हय न्हवं?"

आईनं सांगितलं म्हणून आम्ही गप्प बसलो हे सांगायचं तोंडावर आलं होतं, पण तेवढं सांगून भागणार नव्हतं. त्या बाईनं मायेनं सांगितलं होतं आणि आम्हीही मायेनंच ऐकलं होतं. आणि इतके दिवस हे पोरगं रोज आमच्यासमोरून जात होतं आणि समजत होतं की यांनी आपल्यावरचा हात काढून घेतला. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तसं केलं असतं तर तो रानातून चालत घरी गेला असता.

मी परत चुलीकडं आलो, बेकरीवाल्याच्या हातातली पळी घेतली आणि तिथून ओरडलो, "ए बेण्या! एवढं मोठं गोलपोस्ट दिसलं न्हाय काय तुला त्या दिवशी? म्हशीला सुद्धा दिसलं असतं!"

पंगत हादरली. मास्तर माझ्याकडं खाऊ की गिळू असं बघायला लागले. बेकरीवाला "अरे, अरे" करत उठला.

नऊ नंबर मोटारीपाशी वळला. ओल्या हातानं तोंड पुसलं. "पास उशिरा आला मामा," तो तिथूनच ओरडला.

"उशिरा?" बेकरीवाल्याचा बांध तिथंच फुटला. "तुझ्या पायात येऊन बसला होता बॉल! माझी भेळ गेली, भेळ!"

मग कुणी कुणाला आवरेना. इतक्या आठवड्यांचं सगळ्यांनी साठवलेलं होतं. त्या मॅचचं निघालं, त्याच्या आधीच्या मॅचचं निघालं, गेल्या पावसाळ्यातल्या एका प्रॅक्टिसचंही निघालं. मास्तरांनी पुन्हा अरेतुरे सुरू केलं आणि त्याच्या डाव्या पायाचा असा उद्धार केला की कोचही खाली बघून हसायला लागले. नऊ नंबर एकेकाला उत्तर देत पंगतीत आला आणि टोकाची जागा सोडून मुडशिंगीच्या पोराशेजारी बसला. ताट ओढलं, भाकरीचा तुकडा मोडून मधे ठेवला. हा गोलकीपर. लिंबाची फोड ठेवली. हा मी. पास कुठून आला, किती उशिरा आला, सगळं मांडून दाखवलं. खरं सांगायचं तर पास उशिराच आला होता. मी कबूल केलं नाही.

"पुढच्या सीझनला मी मधनं खेळणार न्हाय," तो तोंडात घास घेऊन म्हणाला. "डावीकडं आपलं कोण न्हाय. मी डावीकडनं येणार आणि बॉल ह्याला देणार. वेळेवर." त्यानं शेजारच्या पोराच्या पाठीवर थाप मारली. ते पोरगं नळी हातात धरून एवढे डोळे करून ऐकत होतं. कोचनी मान हलवली, आणि या वेळी ती खरी वाटली.

मी त्याच्या ताटात तांबडा ओतला, न विचारता, काठापर्यंत. मला इतकं हलकं वाटत होतं की पळीभर रस्सा माझ्याच पायावर सांडला तरी कळलं नाही.

"आणि ह्यानं पण वर मारला तर?" मास्तर अजून तापलेलेच होते.

"तर ह्याला पण द्या की शिव्या," नऊ नंबर म्हणाला. "मी एकट्यानंच खायच्या काय?"