चाकावरच्या बंगल्याचे बोल्ट

बांगलादेशची लढाई नुकतीच होऊन गेली होती. धुळ्यातल्या एका पेढीच्या मालकांनी लिलावात लष्कराची जुनी गाडी घेतली आणि तिच्यात झोपायची बाकं, स्टोव्हसाठी ओटा, खिडक्यांना पडदे असं सगळं करून घेतलं. गाव तिला चाकावरचा बंगला म्हणे. पहिली सहल सुरतेकडच्या समुद्रावर ठरली. मोठी माणसं मोटारीत, पोरं बंगल्यात, आणि पोरांबरोबर माझी आई, कारण मालकांकडे स्वयंपाकाला तीच होती.

निघायच्या सकाळी आईचं बोचकं पोचवायला मी देवपुरातल्या आमच्या घरून मालकांकडे गेलो. मोटार आदल्या दिवशीच गॅरेजात तपासून आणली होती. बंगल्याची झाली होती ती फक्त पूजा.

"याचे ब्रेक बघितले का?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"नवा कोरा रंग दिसत नाही का रे तुला?"

रंगच तर दिसत होता! शाळेच्या सुट्ट्या मी मामाच्या ट्रकखाली काढल्या होत्या. रंगानं बोल्ट आवळले जात नाहीत एवढं मला कळत होतं. मी पाना मागितला. पेढीचे दिवाणजी ओरडले, "पूजा झालेल्या गाडीला पाना लावतोस? मुहूर्त टळेल, हो बाजूला!"

मी तसाच खाली सरकलो. चाकाच्या आत ब्रेक ज्या लोखंडी पाटीवर बसतो, ती आसाला बांधणारे बोल्ट चंदेरी रंगात न्हाले होते. मागच्या चाकाचे दोन बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले. रंगाचे टवके तोंडावर पडले.

"पुढे कोंडाईबारीचा घाट आहे," मी मालकांना म्हणालो. "तिथं ब्रेक जागचा हलला तर?"

मालकांचा चेहरा उतरला. "पोरांना खाली घ्या. मोटारीत दाटीवाटीनं बसतील. बंगला मागून सावकाश येऊ द्या."

आईलाही उतरवा म्हणतील म्हणून मी थांबलो. ते मोटारीकडे वळले. आई आत ओट्याशीच होती. शोषण हा शब्द मी मोर्च्यांत वाटल्या जाणाऱ्या पत्रकांतून कितीदा वाचला होता. तो इतक्या मऊ आवाजात बोलतो, हे एकाही पत्रकात नव्हतं.

मी तोंड उघडणार तोच आई बोचकं घेऊन खाली उतरली. "पोरं जठे बसतीन तठेच मी बी बससू, शेठजी."

"अक्का, मोटारीत आता जागा कुठंय?"

"मंग मी घर जासू. दशम्या तुम्हीच थापा."

दिवाणजींनी कपाळाला हात लावला. "मग वाटेत पोरं खातील काय?"

तेव्हा कुठं गॅरेजातून मिस्त्री आला. चारी चाकं उतरली, बोल्ट आवळले गेले, मुहूर्त गेला तो गेलाच. आईच्या जिवासाठी जे थांबले नव्हते, ते दशम्यांसाठी दुपारपर्यंत थांबले!

पोरं पुन्हा बंगल्यात चढली, आईही चढली. मालक मला म्हणाले, "बरं झालं तू बघितलंस. पोरं वाचली."

"आणि आई?"

मी थट्टा केली असं वाटून ते हसले आणि त्यांनी मोटारीची काच वर केली.