पाय खरा, माफी खोटी

मालकांनी माझ्या तळव्यात सुई टोचली. शहापुरातल्या त्यांच्या मागाच्या कारखान्यात, भर दुपारी, सगळ्या विणकरांसमोर. रक्ताचा थेंब आला तो डोळ्यांना दिसला. तळव्याला कळलं नाही.

"हाललासुदीक न्हाय बघा. लई पक्का सोंगाड्या!" मालक सगळ्यांना म्हणाले.

हाललो असतो तर म्हणाले असते, पाय जिवंत आहे, सोंग करतो.

त्याच सकाळी गारव्यात त्यांनी मला विहिरीवरून घागर आणताना पाहिलं होतं. दुपारी मी म्हणालो, पावड्या दाबवत नाहीत. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबल्या नाहीत तर उभं सूत उघडत नाही, आडवं सूत नेणारा धोटा जात नाही.

"पाय हाय का जावई रं? मनात आलं की येतोय, मनात आलं की रुसून बसतोय!"

सगळे हसले. शेजारच्या मागावरचा आप्पाही.

"सोंग केलं म्हण. माफी माग. न्हायतर माग सोड."

म्हणालो. सोंग केलं. त्यांचे पाय धरले.

पण सोंग नव्हतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. कारण त्यानंतर माझाच माझ्यावर संशय बसला. पाय अडखळला की वाटे, मीच तर अडखळवत नाही? लोकांत लंगडणं लपवायचो. एकटा असलो की सरळ चालून बघायचो, स्वतःची चोरी पकडायला.

काम अडायला लागलं तेव्हा मालकांनीच वैदू पाठवला. तापलेल्या विटेचा शेक, वर गरम तेल. पाय गेला की शेकायचा, आमच्याकडं ही रीतच. बायको मन लावून शेकायची. शेकला की पाय आणखी ढिला. डोळ्यांपुढं धुकं. वैदू म्हणे, "औषध लागतंय, म्हणून तसं." मीही मान डोलवायचो. खोटारड्याला तक्रारीचा कसला हक्क?

एकदा गोवऱ्या संपल्या. शेक राहून गेला. बायकोनं पायावर विहिरीचं गार पाणी ओतलं.

"अवं, शेकलं न्हाय की बोटं हालत्यात."

"गप. कुणी ऐकलं तर परत सोंग म्हणतील."

"म्हणू देत की. पाय त्यांचा हाय का तुमचा?"

मला रागच आला तिचा.

पण वीट परत तापली नाही. उजाडायच्या गारव्यात ती जमिनीवर पावडीसारखा पाट ठेवायची, खाली चिंध्यांचं गाठोडं. माझा पाय दोन्ही हातांत धरून पाटावर दाबायची. "दाबा. सोडा. आता तुमी." दमायच्या आधी थांबायचं, हा तिचा कायदा. मी हट्टानं पुढं गेलो की दिवसभर पाय ओढत फिरायचो. कितीतरी दिवस नुसता घाम. मग एका सकाळी तिनं हात काढून घेतले, आणि पाट खाली गेला. त्या पायाचा अंगठा मात्र परत हाललाच नाही.

मालकांकडं गेलो. "उजाडता बसतो, ऊन चढलं की उठतो. जेवढं विणीन तेवढ्याचीच मजुरी द्या."

"म्हंजे आता सोंगाची येळबी ठरवून आलास व्हय?"

परत हशा. मालक थांबले, मी वाकायची वाट बघत. माझी कंबर सवयीनं वाकायलाही लागली होती. ते मला जाणवलं, आणि स्वतःचीच किळस आली.

"सोंग नव्हतं, मालक. त्या दिवशीचा पाय खरा होता. माफी खोटी होती."

कुणी हसलं नाही. आप्पानं मान खाली घातली.

"ह्या पेठंत तुला माग मिळायचा न्हाय."

मिळाला नाही. मी आता घरी बसून लोकांच्या धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरतो. त्यात निम्मं पोट भरतं. पाय उद्या पुरता जाईल, कदाचित हातही. त्याला माझी तयारी आहे. पण माझ्याच तोंडून माझ्याविरुद्ध साक्ष काढायला जो येईल, त्याला ती मिळणार नाही. मग उरलेलं निम्मं पोटही गेलं तरी चालेल.