पावणेदोन मणांचे दाजी

इंद्रायणीच्या दोन्ही काठांवर आमच्या दाजींइतका मार खाल्लेला आणि तरीही त्यांच्याइतका आनंदी राहिलेला दुसरा माणूस झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार निघोजे. मोठ्या लढाईच्या काळात ते एकोणिसाव्या वर्षी पलटणीत भरती झाले. तिथं कोणा साहेबानं त्यांच्या पंजांवर फुगीर कातडी मोजे चढवले आणि पुढची आठ-नऊ वर्षं दाजी सरकारी खर्चानं लोकांना ठोसे मारत आणि लोकांचे ठोसे खात राहिले. पलटणीचे चॅम्पियन झाले. नाकाला तीन वळणं पडली, डावी भुवई दोनदा शिवली आणि शेवटी लष्करी डॉक्टरनं सांगितलं की, या डाव्या डोळ्यावर आता आणखी मार नको. मग एक चांदीचा कप आणि पेन्शनीचा कागद घेऊन दाजी गावी आले. कप आक्कानं ताक ओतायला घेतला. दाजींची त्याला हरकत नव्हती. ताक मात्र ते त्याच कपातून मागत.

माणूस गावी आला तरी रिंगण त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. दाजी दरवाजातून कधी सरळ आत आले नाहीत. उंबऱ्याशी जरा झुकायचे, डावीकडे डुलायचे आणि मग आत. त्यांच्या घराची चौकट चांगली उंच होती. देवळातली घंटा वाजली की हातातलं काम टाकून उभे राहायचे, कारण घंटा म्हणजे राउंड संपला. जेवायलाही तीन मिनिटं जेवण, एक मिनिट विश्रांती, असा क्रम. त्या एका मिनिटात आक्कानं वाढायला पुढं केलेली भाकरी ते हातानं थोपवायचे. पहाटे विहिरीवर मोटेचा जाडजूड नाडा घेऊन दोरीवरच्या उड्या मारायचे. भिंतीवरच्या स्वतःच्या सावलीशी त्यांना लढताना पाहून शेजारच्या म्हातारीनं एकदा देवऋषी बोलावून आणला. देवऋषी अंगारा फुंकायला पुढं झाला. दाजींनी सवयीनं तो चुकवला आणि सगळा अंगारा म्हातारीच्या डोळ्यात गेला.

कोणी पडलं की रिंगणातल्या पंचासारखं आधी दहापर्यंत मोजायचं आणि मग उचलायचं, हीसुद्धा त्यांची पलटणीतली खोड. गावचे पाटील एकदा बैलगाडीतून उताणे पडले. दाजी धावत गेले, वाकले आणि बोट नाचवत मोजायला लागले, वन, टू, थ्री. पाटील कळवळून म्हणाले, "अरं उचल की मला." दाजी म्हणाले, "आठपातुर बसून घ्या पाटील, फुकटचा इसावा हाय." पाटील त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

पोटासाठी ते पिंपरीला एका कारखान्याच्या बांधकामावर पहारा करायचे. सायकलनं जायचे-यायचे. तिथं लोखंडी सळया चोरणारा एक माणूस त्यांनी पकडला. पण त्याला मारण्याआधी दाजींनी मुठी वर करून "तू बी हात वर घे" असं बजावलं. चोरानं हात वर घेतले नाहीत, सळया टाकून धूम ठोकली. दाजी पुढं कित्येक दिवस सांगत होते, "चोरीचं एक सोडा. पन गडी खेळायला तयार न्हाई, हे काय बरोबर न्हाई."

दाजींचं दुःख एकच होतं, आणि ते ते हसतहसत सांगायचे. गावातल्या कोणीही त्यांना लढताना पाहिलेलं नव्हतं. आमचा सगळा मुलूख कुस्तीचा. गावच्या तालमीचे वस्ताद भर पारावर म्हणायचे, "अंगाला माती न्हाई, माणसाला धरायचं न्हाई, चीत झाला तर धापातुर वाट बघायची. ही कुस्ती का पाव्हणचार?" एका चैत्रात जत्रेच्या फडात लोकांनी आग्रह करून दाजींना उतरवलं. दाजी मुठी वर करून समोरच्या पैलवानाभोवती नाचू लागले. पैलवानानं दोन मिनिटं हा नाच आदरानं पाहिला, मग वाकून त्यांचा पाय धरला. दाजींनी तक्रारीच्या सुरात पंचांकडे पाहिलं आणि म्हणाले, "फाउल." पंच काही बोलायच्या आत आभाळ त्यांच्या तोंडासमोर आलं होतं. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव बुक्कीपैलवान ठेवलं. चांदीचा कप त्यांनी लष्कराच्या बाजारातून विकत आणला असावा, असंही काहींचं मत पडलं.

अशात खडकीहून त्यांच्या जुन्या सोबत्याचं पत्र आलं. जानेवारीत छावणीत खुले सामने होते, बाहेरच्यांनाही मुभा होती. तेव्हा दाजी चौतिशीला टेकले होते. पत्र वाचून दाखवलं मीच, कारण दोन्ही घरांत मिळून वाचणारा मीच होतो. दाजी ऐकून घेऊन म्हणाले, "एकदा. गावानं एकदा बघावं, मग मोजे खुंटीला."

दोन दिवसांनी आक्का चाकणला माझ्याकडे आली. चाकणच्या बाजारात मी एका आडतीवर तोलार होतो. शेतकऱ्याचा कांदा-बटाटा काट्यावर घालायचा, वजन मोठ्यानं पुकारायचं आणि घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांच्या शिव्या खायच्या, हा धंदा. आक्का गोण्यांच्या आडोशाला उभी राहून म्हणाली, "डाक्टरनं काय सांगितलंय, तुला ठावं हाय. त्यो डोळा गेला तर मी काय करू? माझं ऐकत न्हाईत, तुझं ऐकणार न्हाईत. तुझ्या काट्याचं ऐकत्यात."

ते खरं होतं. ठोसेबाजीत वजनाचे गट असतात. दाजींच्या गटाची हद्द पौंडांत होती. आडतीवर हिशेब केला तर ती पावणेदोन मण आणि वर दीड शेर भरली. माणूस तोलायचं यंत्र आमच्या भागात कुठलं असणार? तेव्हा दाजी रोज सकाळी घोंगडी पांघरून निघोज्याहून चाकणपर्यंत घाम गाळत पळत येणार आणि कांद्याच्या काट्यावर मांडी घालून बसणार, असं ठरलं होतं. आक्कानं माझ्या हातात एक गोणपाट दिलं. पारड्याचं लोखंड टोचू नये म्हणून दाजींच्या बुडाखाली घालायचं. त्याला आतल्या बाजूनं एक खिसा शिवलेला होता.

काट्यावर रिकामं गोणपाट टाकलं की दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचे खडे घालून दोन्ही बाजू सारख्या करतात. याला धडा करणं म्हणतात. हा धडा मी रोज दाजींच्या देखत अगदी चोख करायचो. मग ते सदरा काढायला वळले की दांडी हातानं धरून खिशात दोन शेरांचं वजन सरकवायचो. तोलाराच्या जातीला याहून मोठं पाप नाही. मालकाच्या काट्यावर मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तोळाभर इकडचं तिकडं केलं नाही. ते पंधरा दिवस मात्र केलं.

दाजींनी भाकरी सोडली, मग ताक सोडलं. गालफडं बसली. रोज ते पारड्यात बसून विचारायचे, "काय म्हनतो काटा, मेव्हणं?" मी मान खाली घालून पुकारायचो, "पावणेदोन मण, वर पाच शेर." मग चार, मग साडेतीन. हमाल आणि शेतकरी भोवती जमायचे. कोणी म्हणायचं, "दाजी, केस कापा, पावशेर उतरंल." दाजी खरोखर गोटा करून आले.

नाव पाठवायचा शेवटचा दिवस आला. काटा साडेतीनच सांगत होता, म्हणजे दाजी खरे दीडवर, हद्दीच्या बरोबर काठावर येऊन बसले होते. मला वाटलं, आता उठतील, हसतील आणि घरी जातील. दाजी उठले, सदरा घातला आणि म्हणाले, "काट्याशी भांडून काय फायदा? वरच्या गटात लिव्हा नाव."

मी म्हणालो, "वरचा गट असतोय?"

"म्हंजी काय. चढत जातंय ते, पार हत्तीपातुर."

हे मला ठाऊकच नव्हतं. आक्कालाही नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून डोळा वाचवायला म्हणून त्या माणसाला त्याच्याहून चार-पाच शेरांनी जड गड्याच्या तोंडी दिलं होतं. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. पण शेजारी मालक बसले होते, भोवती पंधरा-वीस शेतकरी उभे होते आणि त्या सगळ्यांचा माल याच काट्यावर गेलेला होता. मी टाक बुडवला आणि माझ्या हातानं वरच्या गटात नाव लिहिलं.

सामन्याच्या दिवशी निघोज्यातून दोन गाड्या भरून माणसं खडकीला आली. वस्ताद आले. पाटीलही आले, बहुधा दाजी पडल्यावर मोजायला. छावणीत उभं राहायचं लखलखीत वजनयंत्र होतं. दाजी त्यावर चढले आणि शिपायानं आकडा पुकारला, एकशे शेहेचाळीस पौंड. दाजींनी ओठांतल्या ओठांत मण-शेर जुळवले आणि माझ्याकडे पाहिलं. जोड्या आदल्या दिवशीच लागून गेल्या होत्या, गट बदलता येत नव्हता.

गावातला एक कांदेवाला हिशेबाला पक्का होता. तो मोठ्यानं म्हणाला, "ह्ये तर दोन शेर कमी भरलं. चाकणच्या काट्यात काय गोम हाय का रं?" पाच-सात माना माझ्याकडे वळल्या.

दाजी यंत्रावरून उतरले नाहीत. तिथूनच म्हणाले, "काट्याला काय धाड भरलीय? पहाटेपासनं तीनदा परसाकडं जाऊन आलोय, भ्यानं. दोन शेर व्हय, अजून एकदा गेलो असतो तर पासंगाला बी उरलो नसतो."

सगळे खदखदून हसले. कांदेवालासुद्धा हसला. माझ्या काट्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

सामना तीन राउंडांचा. समोरचा हवालदार दहा वर्षांनी लहान आणि दिसायला दीडपट. पहिल्याच राउंडात दाजी खाली बसले आणि हिशेबानं आठपर्यंत बसून राहिले. आमची माणसं बाकांवरून ओरडत होती, "धरा की त्याला, पाय धरा." दुसऱ्या राउंडात दाजी नुसते चुकवत राहिले. झुकले, डुलले, आणि हवालदाराचे ठोसे अंगाऱ्यासारखे हवेत गेले. तिसऱ्यात त्यांचा डावा हात सुटला. तो हात मी तोवर पाहिला नव्हता, गावानंही पाहिला नव्हता. असा सरळ, विनातक्रार, पुन्हा पुन्हा जाणारा हात. हवालदार मागं सरकू लागला तसा आमच्या माणसांचा आवाज बंद झाला. वस्ताद बाकावर उभे राहिले आणि पाटलांना म्हणाले, "पाटील, ह्यो गडी मोठा हाय. आपल्याला कळत नव्हतं." घंटा वाजली. पंचांनी गुणांवर हवालदाराचा हात वर केला, पण थोडक्यात. दाजींनी त्याला मिठी मारली आणि सुजल्या तोंडानं इतके हसले की, जिंकलं कोण याचा बाहेरच्या माणसाला घोटाळा व्हावा.

त्या रात्री निघोज्याला परतलो तेव्हा दाजींच्या दारात आक्का उभी होती. तिनं कंदील त्यांच्या तोंडाजवळ नेला, त्यांचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि तीन बोटं दाखवली. "किती?"

"तीन. आनि अंगठीवालं बोट दुमडलंय."

आक्कानं कंदील खाली ठेवला. हरल्याचं तिनं विचारलंच नाही.

पुढचं सगळं चांगलंच झालं. मोजे खुंटीला गेले. वस्तादांनी दाजींना तालमीत बोलावून घेतलं आणि आमच्याकडचे पैलवान पायांवर नाचायला शिकले. दाजी नव्वदी ओलांडून गेले, दोन्ही डोळे शाबूत. पण गावानं दोन गोष्टी धरून ठेवल्या. पहिली, दाजी हावरट, वजन आवरलं नाही म्हणून वरच्या गटात गेले आणि हरले. दुसरी, भ्यानं तीनदा परसाकडं गेले. त्यांच्या तेराव्याच्या पंगतीतही कोणीतरी हीच गोष्ट सांगितली, पंगत हसली आणि मीही हसलो. म्हणून हे लिहितो आहे. दाजी हावरट नव्हते. त्या सकाळी ते भ्यालेले नव्हते, सबंध वाटभर गाडीत गाणी म्हणत होते. ते त्यांच्या गटात बरोबर बसत होते आणि त्या गटात ते जिंकले असते. दोन शेर माझे होते.

हे छापायला देण्याआधी मी पुनावळ्याला जाऊन आक्काला वाचून दाखवलं. ती आता नातवाकडे अकराव्या मजल्यावर असते, नव्वदीच्या पुढं गेली आहे आणि खिडकीतून खाली दिसणारा हमरस्ता तिला अजून ओढ्यासारखा वाटतो. तिनं सगळं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "खिसा मी शिवला व्हता, त्ये ठळक लिव्ह. आनि येक ऱ्हायलं. त्यांना पहिल्या दिवसापासनं ठावं व्हतं."

मी हातातले कागद खाली ठेवले.

"अरं, दोन शेराच्या लोखंडावर माणूस पंधरा दिस बसंल आनि त्याला टोचायचं न्हाई व्हय? मला खडकीवरनं आल्यावर सांगितलं. म्हनले, तुमच्या भावा-बहिणीचं मन बी राखलं, माझं बी राखलं."

"मग मला का नाही सांगितलंस? सगळा जन्म मी..."

"त्यांनीच सांगू दिलं न्हाई. म्हनले, ऱ्हाऊ दे मेव्हण्याला भ्यालेला. जल्मभर काटा सरळ धरंल."

मी लिफ्टनं खाली आलो आणि गेटाजवळच्या बाकावर बराच वेळ बसलो. मला त्यांच्याशी कडाडून भांडायचं होतं. त्यांनी मुठी वर केल्या असत्या आणि मला म्हणाले असते, "तू बी हात वर घे." मी घेतले असते.