पेटीवरची सावली

मोकासे काकूंचा फोन आला तेव्हा मी बजाजनगरच्या चौकात कारखान्याची पाळी सुटायची वाट बघत उभी होते. हातात पत्रकांचा गठ्ठा. "पोरी, सर गेले गं," एवढंच त्या बोलल्या आणि फोन बंद करायचा विसरल्या… मागं कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, गावाकडं कळवलं का म्हणून कुणी विचारत होतं. तेवढ्यात भोंगा झाला, माणसं बाहेर आली आणि माझा हात सवयीनं पुढं होत राहिला. गठ्ठा संपल्यावर लक्षात आलं, त्या पत्रकावरचा आलेख सरांचाच होता.

या गोष्टीला काही आठवडे झाले. पहिल्याच दिवशी मला लिहायचं होतं की मोकासे सरांना या उन्हानं मारलं. पत्रकात ते वाक्य चपखल बसलं असतं. पण त्यांचं हृदय कित्येक वर्षं थकलेलं होतं, आणि सर असते तर त्यांनी ते वाक्य खोडून समासात लिहिलं असतं, "एका माणसावरनं काही सिद्ध होत नाय. तो माणूस मी असलो तरी." म्हणून तसं लिहीत नाही. बाकी जे सांगायचंय ते मात्र कुणाला न विचारता सांगणार आहे.

सर मूळचे पिशोरचे, शेतकरी घरातले. शहरात येऊन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, पुंडलिकनगरात घर बांधलं आणि निवृत्तीनंतरही रोज दुपारी कॉलेजच्या मैदानात जात राहिले, ते एका पेटीसाठी. चार पायांवर उभी, छातीइतकी उंच, झडपांची पांढरी लाकडी पेटी. आत तापमापक. तिथल्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि मोठमोठ्या संस्थांची हवामानाची मॉडेलं ताडून बघून ते आपल्या भागातल्या पुढच्या उन्हाळ्यांचा अंदाज काढत. पेटी उघडण्याआधी ते झाकणावर तळहात टेकवायचे. चटका बसला की "ठीक" म्हणायचे आणि मगच आत बघायचे. मला तो देवाला हात लावल्यासारखा प्रकार वाटायचा. एकदा विचारलं तर म्हणाले, "देव कसला गं. पेटीवर ऊन हाय का ते बघतो. ती उघड्यावर पाहिजे. आडोसा आला की आकडा गेला."

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले ती आकडा मागायलाच. माझे बाबा कारखान्यांच्या शेडवर पत्रे बसवणाऱ्या ठेकेदाराकडं कामाला. उन्हाळ्यात डोक्यावर आभाळ पेटलेलं आणि पायाखाली पत्रा तापलेला. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवा, ही आमच्या कामगार संघटनेची मागणी होती आणि पत्रकासाठी मला एक ठणठणीत आकडा हवा होता, उन्हाळा अमुक इतका वाढणार म्हणून. सरांनी दोन आकडे दिले आणि मधे 'ते' घातलं. इतक्यापासून इतक्यापर्यंत. मी म्हणाले, "सर, असल्या आकड्यावर कुणी पेटून उठत नाही." ते म्हणाले, "मग पेटवू नको, समजाव. पत्रकबाई, तुझ्या पत्रकात एकदा तरी 'बहुधा' आलंय का?" त्यानंतर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. पत्रकबाईच. भांडून भांडून शेवटी मी दोन्ही आकडे छापले, आणि गेटवर बाबांच्याच एका जोडीदारानं पत्रक परत माझ्या हातात दिलं. "ताई, हे नक्की हाय का नाय? का अंदाजपंचे?"

मी हे सरांना टोचून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गेटवर हजर. रुमाल डोक्याला बांधलेला, सावलीत या म्हटलं तर नाय. "सोयरीक जमवताना काय करता?" त्यांनी त्या जोडीदारालाच विचारलं. "घर बघता, पाणी बघता, चार जणांजवळ चौकशी करता. पोरगी सुखात राहील हा अंदाजच ना?" "व्हय." "चुकतो पण कधी?" "चुकतो की. माझ्या सासऱ्याचाच चुकला." माणसं हसली, सरही हसले. "मग चुकतो म्हणून डोळे झाकून पोरगी देता का? मॉडेल म्हणजे तेवढंच. डोळे उघडे ठेवून बांधलेला अंदाज." हवामानाच्या मॉडेलवर मी नंतर बरीच भाषणं ऐकली, याहून सरळ कुणी सांगितलेलं आठवत नाही. त्या उन्हाळ्यात ठेकेदारांशी बोलणं झालं. पेटीतला आकडा ठरलेल्या हद्दीवर गेला की दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी. कागद नाही, नुसता शब्द. बाबा दुपारी शेडमागच्या निंबाखाली तोंडावर टोपी घेऊन झोपायचे. तेवढंच मिळवलं होतं आम्ही.

पुढच्या उन्हाळ्यात एका नेत्याचा वाढदिवस आला. कॉलेजच्या पश्चिमेच्या भिंतीला बांबू बांधून भला थोरला फ्लेक्स लागला. सर तेव्हा पुतण्याच्या लग्नाला पिशोरला गेले होते, तिथंच आजारी पडून अडकले. इकडं विद्यार्थी इमानानं नोंदी घेत होते आणि आकडा काही हद्दीवर जाईना. सुट्टी नाही. सत्काराच्या भाषणात नेता म्हणाला, आम्ही झाडं लावली, शहर थंड झालं, तापमानवाढीची ओरड निव्वळ राजकारण आहे. त्याच आठवड्यात बाबांना शेडवरून दोघांनी धरून उतरवलं. उलट्या, ताप, बरळणं… वाचले. पण आजही चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात.

सर परतले त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर मैदानात होते. त्यांनी झाकणावर हात टेकवला आणि उचललाच नाही. "ठीक" म्हणाले नाहीत. मग मान वर करून फ्लेक्सकडं बघितलं. फ्लेक्सवर नेता हात जोडून हसत होता आणि त्याची सावली बरोबर पेटीवर पडली होती.

त्यांनी वर्तमानपत्रात लिहून दिलं. या दिवसांचे आकडे चुकलेत, पेटीवर लक्ष ठेवणं माझं काम होतं, एवढे दिवस वगळा, बाकी नोंदी पक्क्या आहेत. सरळ चार वाक्यं. पण सरळ वाक्याला या शहरात वाली नाही. नेत्याची माणसं म्हणाली, मास्तर विरोधकांनी फोडला. विरोधक म्हणाले, बघा, सरकारधार्जिणे आकडे, आजवरचे सगळेच खोटे. सर चॅनेलवर गेले तर "चुकलं" एवढाच शब्द ठेवून त्यांनी पुढचं सगळं तोडलं. आणि ठेकेदार म्हणाले, तुमची पेटीच चुकते तर सुट्टी कशाला. एक फ्लेक्स चुकला म्हणून कित्येक वर्षांचं ऊन खोटं ठरलं… मग कॉलेजनं एक बैठक बोलावली. तिथं अर्धा वेळ भांडण झालं ते सरांच्या जुन्या आलेखावर शहराचं जुनं नाव का, यावर. "साहेब, नोंद तेव्हाची, नाव तेव्हाचं," सर म्हणाले, "खाली नवीन पण लिवतो. ऊन दोन्ही नावांना तेच लागतंय, ते बघा की." कुणीतरी माफी मागा म्हणून ओरडलं. आलेख कुणी बघितलाच नाही. शेवटी चौकशी होईपर्यंत पेटी बंद ठेवायचं ठरलं. आतले तापमापक काढून नेले, दाराला कुलूप.

मी त्यांच्या घरी जाऊन तडकले. "गप्प बसायचं होतं तुम्ही. फ्लेक्स गुपचूप हलवला असता, आकडा आपोआप वर आला असता, बाबांना सुट्टी मिळाली असती." काकू पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. सर म्हणाले, "आणि पुढं मी आकडा सांगितला असता, तर तो खरा हे तू तरी कशावरनं धरलं असतं?" पण त्यांच्या खरं बोलण्यानं बाबांची सुट्टी गेली हेही खरंच आहे, आणि ते मी कुठल्या पत्रकात बसवू…

शेवटचं भेटले तेव्हा ते पलंगावर होते. चौकशीचं काय झालं, विचारलं. मी म्हणाले, समिती नेमायची आहे अजून. "नेमतील," ते म्हणाले, "बहुधा." आणि माझ्याकडं बघून बारीक हसले.

शोकसभेला दोन्हीकडचे आले. दोघांनीही त्यांना निर्भीड शास्त्रज्ञ म्हटलं. ठेकेदारांपैकी एकानं हार घातला. परत जाताना काकू म्हणाल्या, पेटी बघून जाऊ. मैदानात शिरलो तर पश्चिमेच्या भिंतीला तेच बांबू, त्यावर नवा फ्लेक्स. सरांचा मोठा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली नेत्याचा हात जोडलेला तोच फोटो. काकूंनी तिथल्या कार्यकर्त्याला बोलावलं. "बाळा, हे काढ. सावली पडती पेटीवर."

"काकू, साहेबांनी महिनाभर ठेव म्हणलंय. सरांचा मान हाय तो." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "अन् पेटी तर बंदच हाय ना."

काकूंनी पदरानं झाकणावरची धूळ पुसली आणि रिक्षाकडं चालू लागल्या.

काल मी पुन्हा गेले होते. महिना उलटलाय, फ्लेक्स तिथंच आहे. बाबा शेडवर होते. दुपारचे तीन, मैदानात कुत्रंही फिरकत नव्हतं, चपलेतून पाय भाजत होते. मी पेटीजवळ गेले आणि सरांसारखा झाकणावर तळहात टेकवला.

लाकूड गार होतं.